बुटक्यांच्या किल्ल्यावर

मुलांनो, दिवाळीच्या सुट्टीत मी एक किल्ला पाहून आले. एसटीचे धक्के नाहीत, खांद्यावर पाण्याची बाटली नाही की चढताना धाप नाही. तुम्ही म्हणाल, "बाई थापा मारतात!" पण ऐका तर खरं.

साताऱ्याला बहिणीकडे गेले होते. दरवर्षी या दिवसांत माझा भाचा कोपरापर्यंत चिखलात असतो. यंदा त्याचे हात अगदी स्वच्छ! "काय रे, किल्ला नाही केला?" मी विचारलं.

"केलाय की, मावशी. पण आत आहे," असं म्हणून त्यानं मला थेट संगणकापुढं नेलं. बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली, "आता तूही बस त्याच्याबरोबर!" मी खरंच बसले.

त्या खेळाचं नाव 'ड्वार्फ फोर्ट्रेस', म्हणजे बुटक्यांचा किल्ला. अमेरिकेतल्या टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या दोघा भावांनी तो तयार केला आणि २००६ साली लोकांपुढं आणला. तेव्हा त्यात चित्रं नव्हतीच. बुटका म्हणजे एक हसरा चेहरा आणि मांजर म्हणजे इंग्रजी 'सी' हे अक्षर! चित्रांची आवृत्ती २०२२ च्या डिसेंबरात आली. पण न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयानं २०१२ सालीच या खेळाला आपल्या संग्रहात जागा दिली होती.

चला, आता गडावर जाऊ. आपले किल्ले डोंगराच्या माथ्यावर असतात, हा डोंगराच्या पोटात आहे. खंदकावरचा उचलता येणारा पूल ओलांडला की आत व्यापाऱ्यांची जागा. शरद ऋतूत बुटक्यांच्या देशातून तांडा येतो, त्याचा माल इथं उतरतो. पुढं जिना खाली उतरतो. पहिल्या मजल्यावर सुताराची, गवंड्याची, लोहाराची कामाची जागा. त्याखाली अंधारातली शेती. तिथं पिकतात भूछत्रं! शेजारी मोठी भोजनशाळा आणि त्याखाली ओळीनं निजायच्या खोल्या.

हिमगौरीच्या गोष्टीसारखे इथंही सुरुवातीला सातच बुटके असतात. सोबत एक गाडी, कुदळी, बियाणं आणि थोडं खाणंपिणं. किल्ल्याचं नाव झालं की बाहेरून माणसं राहायला येतात. भाच्याच्या गडावर बावन्न बुटके होते. त्यातल्या एका शेतकरणीचं नाव त्यानं 'मावशी' ठेवलं होतं!

गंमत म्हणजे इथं कुणाला हात धरून कामाला लावता येत नाही. 'इथं खणा', 'तिथं भिंत बांधा' एवढंच सांगायचं. ज्याला वेळ होईल तो येईल. भूक लागली तर कुदळ टाकून जेवायला जाईल. अगदी आमच्या चौथीच्या वर्गासारखं!

त्या दिवशी गडावर एक अडचण होती. हिवाळ्यात बाहेरची नदी गोठायची. आधीच्या लढाईत जखमी झालेले चौघं अंथरुणाला खिळलेले होते, आणि जखमींना पाणीच लागतं. म्हणून भाच्यानं ठरवलं, नदी वाहती आहे तोवर तिचं पाणी भुयारातून आत आणायचं, तळमजल्याला टाकं खणायचं आणि भोजनशाळेत त्याची विहीर काढायची.

मला विचार पटला. आपल्याकडे रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त, म्हणजे १७१५ च्या सुमाराला, हेच सांगितलेलं आहे. किल्ला बांधण्याआधी पाणी पाहावं आणि एकाच झऱ्यावर भिस्त न ठेवता साठ्याची टाकी बांधावीत.

शेवटचा दगड फुटला. नदी भुयारात शिरली. टाकं भरलं. आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या!

पण पाणी थांबेना. विहिरीतून वर येऊन ते भोजनशाळेत पसरलं आणि तिथून शेतीकडे वळलं. "वर कसं येतंय हे?" भाचा ओरडला. मी कपाळावर हात मारला. अरे, आपण प्रयोग करतो ना, नळीचं एक टोक उंच धरलं की दुसऱ्या टोकानं पाणी वर चढतं? नदी विहिरीच्या तोंडापेक्षा उंचावर होती. पाणी आपली पातळी गाठणारच! भुयारात झडप बसवायला हवी होती. तीच राहून गेली होती.

गवंड्यांनी घाईघाईनं जिन्यापाशी भिंत घातली आणि वरचा मजला वाचला. खालचे एकवीस जण बुडाले. भाचा काही बोलेना. बऱ्याच वेळानं म्हणाला, "मावशी पण गेली."

त्यानं हात कळपटाकडे नेला. "सेव्ह न करता बंद करतो. म्हणजे पूर आलाच नाही असं होईल."

मला क्षणभर वाटलं, करू दे. एवढंसं पोर, डोळ्यांत पाणी. मग म्हटलं, "कर हवं तर. पण वर एकतीस जण उभे आहेत. त्यांचं काय होतं ते बघायचं नाही तुला?"

तो थांबला.

खरा कठीण काळ तर पुढंच होता. या बुटक्यांना मन असतं. मित्र गेला की ते दुःखी होतात. एकानं रागाच्या भरात टेबल फोडलं, दुसऱ्याला मारलं, मग तो दुसराही चिडला. अशी साखळी लागली की अख्खा गड कोसळतो. शिवाय मेलेल्यांचे अंत्यविधी झाले नाहीत तर त्यांची भुतं फिरतात! प्रेतं तर पाण्याखाली. मग भाच्यानं एकवीस दगडी पाट्या घडवल्या आणि प्रत्येकीवर एकेक नाव कोरून घेतलं. नवी भोजनशाळा खणली, तिच्या भिंतींवर नक्षी काढली. तांडा आला, त्याच्याकडून धान्य घेतलं. हळूहळू मारामाऱ्या थांबल्या.

या खेळाला जिंकणं नाही. कधी ना कधी गड पडतोच. हरण्यातच मजा आहे, असं हा खेळ खेळणारे म्हणतात. आणि पडलेला गड नाहीसा होत नाही, त्याच जगात राहतो. नवे बुटके नेऊन तो पुन्हा वसवता येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात आवाज आला म्हणून पाहिलं, तर भाचा माती कालवत होता! दुपारपर्यंत किल्ला उभा राहिला. वर तळं, तिथून खाली विहिरीपर्यंत बांबूची नळी. मी तांब्याभर पाणी घेऊन गेले, तर त्यानं माझा हात धरला.

"थांब, मावशी. आधी झडप!" आणि नळीच्या तोंडाशी त्यानं कौलाचा तुकडा नीट बसवला.