बॅटरीवरची काकडआरती

दारव्हा तालुक्यातील आमच्या गावी कार्तिकात काकडआरतीला ध्वनिवर्धक असे. वीज असे किंवा नसे. 2005 च्या पुढेमागे, भारनियमनाच्या त्या वर्षांत, पहाटे वीज गेली की कुणीतरी ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणी. ती जोडताच कर्ण्यातली घरघर थांबे आणि आजोबांचा आवाज धुऊन निघाल्यासारखा कानी येई. बॅटरीचा आवाज गोड, हे आम्ही तेव्हापासून सिद्धांतासारखे सांगत आलो.

त्याला आधार नव्हता असे नाही. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 आवर्तने घेते. यंत्रात तिची दिशा एक केली की ही संख्या दुप्पट होते, आणि कपॅसिटर म्हातारा असला तर 100 हर्ट्झची लहर न गाळली जाता ध्वनीत उतरते. हार्मोनियमवर हा स्वर खर्जातील पांढरी पाच आणि काळी चार यांच्या फटीत पडतो. न मागता मिळालेला, कुणाशीच न जुळणारा तंबोरा! बॅटरीच्या प्रवाहात ही लहर नसते.

अलीकडे त्या काळच्या दोन कॅसेटी आम्ही संगणकावर उतरवल्या. विजेवरची घरघरीने भरलेली. ती कापू गेलो तर मृदंगाच्या डाव्या पुडीचा घुमाराही गेला. बॅटरीवरची मात्र नितळ. पण तिच्यात दोन अभंगांच्या मधे दूर गोठ्यातल्या बैलाच्या गळ्यातली घंटाही ऐकू येते. पंखा नाही, ट्यूबलाइटचा चोक नाही, पाण्याची मोटर नाही. सारे गावच गप्प होते. त्या शांततेचे श्रेय आम्ही इतकी वर्षे बॅटरीला देत होतो. निदान निम्मे तरी. चांगले गाळण असलेला ध्वनिवर्धक विजेवरही तितकाच स्वच्छ वाजतो.

याच कॅसेटच्या शेवटी आजोबांचा आवाज फाटतो. वरच्या स्वरांवर गेले की चरकतो. त्या पहाटे आम्ही सर्वांनी तो ऐकला होता, घरी येऊन गळा गेल्याचे त्यांना सांगितलेही होते. त्यांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घातली आणि पुढे कधी गायले नाहीत.

बॅटरी उतरू लागली की व्होल्टेज पडते. ध्वनिवर्धकाला मोठ्या आवाजाची शिखरे पेलत नाहीत, ती छाटली जातात. चारच दिवस आधीच्या विजेवरच्या कॅसेटमध्ये तेच वरचे स्वर घरघरीतूनही अखंड लागलेले आहेत. आणि बॅटरीवरच्या त्या शेवटच्या अभंगात मृदंगाची प्रत्येक जोरकस थापही आजोबांच्या आवाजाबरोबरच फाटते. मृदंग तर त्याच वर्षी नवा मढवून आणला होता.