खर्जाची जागा

घर बांधताना देवघर कुठे करायचं हा प्रश्न पडतो. मोटार घेतली की सबवूफर कुठे बसवायचा हा. आमच्या घरी गेला महिनाभर हा दुसरा प्रश्न गाजत होता.

सबवूफर म्हणजे गाण्यातला फक्त खर्ज वाजवणारा गृहस्थ. ढोलाचा ठोका, पखवाजाची थाप, साधारण २० ते २०० हर्ट्झपर्यंतचा कारभार. बाकी सुरांशी देणंघेणं नाही. ‘हे आमच्या टेबलाचं काम नाही,’ असं म्हणणारे आमच्या बँकेतही पुष्कळ आहेत. त्यामुळे मला त्याच्याविषयी आपुलकीच वाटते.

दुकानदाराने तीन योजना मांडल्या. पहिली, डिकीत १२ इंची पेटी. ती बंद घेतली तर ठोका नेटका. भोकाची घेतली तर तेवढ्याच विजेत गर्जना मोठी, पण जागाही जास्त खाणार. दुसरी, डिकीच्या कोपऱ्याच्या मापाने फायबरची घडवून घेतलेली. शिवून घेतलेल्या कोटासारखी, दुसऱ्या गाडीला व्हायची नाही. तिसरी, सीटखाली सरकणारी चपटी पेटी, ८ इंची, अ‍ॅम्प्लिफायर पोटातच. आवाज बेताचा, पण डिकी मोकळी.

चिरंजीव १२ इंचांवर अडून बसले. सौभाग्यवती म्हणाल्या, “आणि गावाहून येताना तांदळाचं पोतं कुठे ठेवायचं? तुमच्या मांडीवर?” शिवाय पेटीखाली स्टेपनी. म्हणजे घाटात पंक्चर झालं की आधी गाणं उतरवायचं, मग चाक! आणि पेटी बोल्टने घट्ट आवळायलाच हवी. नाहीतर करकचून ब्रेक दाबला की तीच सर्वांच्या पुढे. भोकं पाडण्याआधी पत्र्याखाली पेट्रोलची टाकी नाही ना, हेही वाकून बघायचं.

“पण सीटखालून आवाज येतोय हे कळेल ना?” मी विचारलं. दुकानदार म्हणाला, “नाही कळत. ८० हर्ट्झची लाट सव्वाचार मीटरहून लांब असते, साहेब.” आता बोला! कर वाचावा म्हणून आम्ही ४ मीटरच्या आतली गाडी घेतली, आणि लाट गाडीपेक्षा लांब! एवढ्या लांब लाटेची दिशा कानाला लागत नाही म्हणे. मी बी.कॉम. माणूस, आकडा जुळला की सही करतो.

निकाल मात्र अण्णांनी लावला. वय त्यांचंही ८०. तरुणपणी भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. हल्ली बारीक सूर कानापर्यंत पोचतच नाहीत, म्हणून गाणं लागलं की खिडकीबाहेर बघत बसतात. दुकानदाराने नमुन्याच्या गाडीत त्यांना पुढच्या सीटवर बसवलं आणि अभंग लावला. सीट हलकेच थरथरली. अण्णांनी कानाला नव्हे, सीटला हात लावला. बोटं गुडघ्यावर चालू लागली आणि एका जागी बरोबर थांबली. “सम,” ते म्हणाले.

चिरंजीवांनी १२ इंचांचं नाव पुन्हा काढलं नाही.

आता सीटखालची जागा अण्णांच्या नावे, डिकी सौभाग्यवतींच्या नावे. रक्कम तेवढी माझ्या नावे पडली. आणि ‘नावे’ म्हणजे काय, हे बँकेतल्या माणसाला कुणी सांगायला नको.