पाण्याने पेललेला भार

खडकावर घर बांधणारा शहाणा आणि वाळूवर बांधणारा मूर्ख, हा प्रभू येशूचा दृष्टान्त आपणां सर्वांना बालपणापासून परिचित आहे. परंतु जमिनीचा तिसराही एक प्रकार आहे, तो म्हणजे चिकणमाती. परमेश्वराने मानवाला मातीपासून घडविले, असे उत्पत्तीच्या पुस्तकात वाचताना आमच्या मनात येते, की या मातीचा स्वभाव आपण कधी न्याहाळला आहे काय? तो न्याहाळावयाचा, तर एखाद्या मोठ्या नदीच्या मुखाबाहेर, सागरतळाशी जावे लागते.

अमेरिकेतील मिसिसिपी नदी लुईझियाना राज्यात मेक्सिकोच्या आखाताला मिळते. हा जुना कॅथोलिक मुलूख. तेथे जिल्ह्याला आजही ‘पॅरिश’, म्हणजे धर्मग्राम, असेच म्हणतात. नदीने आणलेले चिकणमातीचे कण मिलिमीटरच्या ५०० व्या भागाहूनही बारीक आणि पापुद्र्यासारखे चपटे असतात. गोड्या पाण्यात ते परस्परांना दूर लोटतात. खारे पाणी लागताच हा दुरावा ओसरतो, त्यांचे पुंजके बनतात आणि ते तळाशी बसतात. मात्र ही रचना पत्त्यांच्या बंगल्यासारखी असते. मधल्या पोकळ्यांत पाणीच पाणी. ताज्या गाळात तर कोरड्या मातीपेक्षा पाण्याचेच वजन पुष्कळदा अधिक भरते.

कार्ल टेर्झागी या अभियंत्याने इस्तंबूल येथे अध्यापन करीत असताना चिकणमातीवर प्रयोग केले आणि १९२५ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या सिद्धान्ताचे सार असे: ओल्या चिकणमातीवर नवा भार पडला, की आरंभी तो माती पेलतच नाही, आत कोंडलेले पाणी पेलते. पाणी निथळत जाते तसतसा भार कणांवर येतो, कण जवळ सरकतात आणि माती बळकट होते. थर दुप्पट जाड असेल, तर त्यास काळ चौपट लागतो.

मिसिसिपीच्या मुखाशी नेमका हा काळच मिळत नाही. पहिल्या थराचे पाणी निथळण्याआधीच त्यावर दुसरा थर येऊन पडतो. कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यातून निघणारा मिथेन वायू गाळाला आणखी दुर्बळ करतो. अशा वेळी वादळी लाटांचा दाब तळावर कमीअधिक होऊ लागला, की डोळ्यांना सपाट भासणाऱ्या उतारावरूनही तो चिखल वाहू लागतो. १९६९ साली कॅमिल वादळात अशाच चिखलाने तेथील तेलाचा एक मनोरा आडवा केला. २००४ साली आयव्हन वादळात तसेच पुन्हा घडले. सुमारे ४७५ फूट खोल पाण्यात उभा असलेला मनोरा कोसळून ५०० फुटांहून अधिक दूर ढकलला गेला. त्याच्या विहिरींची तोंडे चिखलाखाली गाडली गेली आणि तेल समुद्रात झिरपत राहिले. ते तळाशीच गोळा करणारी यंत्रणा बसावयास २०१९ साल उजाडले. कोळंबी आणि कालवे यांवर पोट भरणाऱ्या त्या किनाऱ्याने ही सारी वर्षे पाण्यावर तेलाचा तवंग पाहिला.

येथे मातीला दोष देणे आम्हांला योग्य वाटत नाही. तिने खडकाचे सोंग घेतले नव्हते. बळकट होण्यास तिला अवधी हवा होता, एवढेच.

आपल्या कुटुंबांतही असे घडते. सातव्या दिवसाची मिस्सा झाली, की आपण विधवा भगिनीला ‘आता सावर’ म्हणतो. ती सावरल्यासारखी दिसतेही. सासरी नुकत्याच आलेल्या सुनेवर घराचा सारा भार टाकतो आणि ती तो पेलते आहे असे पाहून समाधान मानतो. तो भार कशाने पेलला आहे, हे मात्र आपण पाहत नाही. आतले अश्रू अजून निथळावयाचे असतात. वाचकहो, अशा माणसापाशी उपदेश घेऊन जाण्यापेक्षा काही काळ नुसते बसून राहावे, त्याच्या वाटणीचे एखादे काम मुकाट्याने उचलावे, असे आम्हांस वाटते. तेवढ्याने त्याला अवधी मिळतो.