दाराशी कोण बसणार?

शहागंजात, क्लॉक टॉवरपासून चार पावलांवर माझं लहानसं दुकान आहे. तुळशीच्या माळा, बुक्का, अष्टगंध, वाती, टाळांच्या जोड्या, हरिपाठाच्या पुस्तिका असा माल. गिऱ्हाईक आलं तर बोलायचं, नाहीतर नाम घ्यायचं, यात आयुष्य गेलं. मोबाईलविषयी लिहिण्याइतकं शिक्षण माझ्याजवळ नाही. पण या बाबतीत माझ्या हातून एक चूक घडली. ती सांगितली तर दुसऱ्या एखाद्या घरात ती टळेल, म्हणून हा लेखप्रपंच.

माझा नातू नऊ वर्षांचा. गळा गोड आहे, पण ‘र’ अजून नीट वळत नाही. मागच्या श्रावणात आमच्या गल्लीतल्या सप्ताहात हरिपाठ झाल्यावर त्याने एक अभंग म्हटला. डोळे मिटलेले, हातात टाळ. मंडपातल्या बायकांनी कडाकडा बोटं मोडून दृष्ट काढली. मी ते मोबाईलवर टिपलं आणि रात्री मुलाला-सुनेला न विचारता माझ्या खात्यावर टाकून दिलं. देवाचं नाव चार लोकांच्या कानी पडेल, असं मनाशी म्हणालो. खरं सांगायचं तर नातवाचं कौतुक व्हावं, आणि त्याचा आजोबा म्हणून थोडं माझंही व्हावं, ही हौस त्याच्याखाली दडलेली होतीच.

दोन दिवसांत ते हजारो लोकांनी पाहिलं. जोडलेले हात, फुलं, ‘धन्य ते आईवडील’ असे शेरे. मी दुकानात बसून आकडा बघायचो. जपाची माळ गल्ल्याजवळ तशीच पडून राहायची.

पुढच्या एकादशीला घरी भजनाला बसलो. मी म्हटलं, “म्हण रे बाळा.” तो म्हणाला, “आबा, मोबाईल लावला का?”

माझा हात वीणेवर तसाच राहिला. आठ-दहा दिवसांपूर्वी हे पोर डोळे मिटून म्हणत होतं. आता त्याचे डोळे उघडे होते आणि ते मोबाईल शोधत होते. डोळे मी उघडले होते, दुसऱ्या कोणी नाही.

त्याहून वाईट पुढे आहे. कोणीतरी त्याच्या ‘र’ची नक्कल करून, खाली सिनेमातलं गाणं जोडून, त्याच चित्रफितीची थट्टा केली. ती फिरत फिरत त्याच्या शाळेतल्या मोठ्या मुलांपर्यंत पोहोचली. एका दुपारी तो घरी आला, दप्तर टाकलं आणि आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. सूनबाईने हाका मारल्या, मी मारल्या. दार उघडेना. शेवटी त्याची आजी तांदळाचं ताट घेऊन उंबऱ्याशी बसली. ना समजूत, ना रागावणं. तांदूळ निवडत हळू आवाजात हरिपाठ म्हणत राहिली. तासाभराने कडी निघाली. त्यानंतर दोन महिने तो भजनात तोंड उघडत नव्हता.

दाराबाहेर उभं असताना मला आळंदी आठवली. आपण ताटीचे अभंग किती भक्तीने म्हणतो! पण त्या ताटीमागे काय होतं, हे मला त्या दिवशी प्रथम कळलं. लोकांच्या बोलण्याने जीव दुखावला आणि ज्ञानोबारायांनी ताटी लावून घेतली. प्रत्यक्ष माउली! आणि बाहेर उभी होती धाकटी मुक्ताई. लोकांची जीभ काय करते हे त्या चार भावंडांइतकं कोणाला कळलं असेल? जिथे माउलींना लोकांचे शब्द लागले, तिथे आमच्या नऊ वर्षांच्या लेकराची काय कथा? आळंदीतल्या निंदकांना निदान तोंडं होती. इथे तर निंदा करणारा कोण, कुठल्या गावचा, काहीच कळत नाही.

आमच्या भजनी मंडळात मी हे बोललो तेव्हा एका तरुण टाळकऱ्याने मला अडवलं. तो म्हणाला, “आबा, नामाला वयाची अट नाही. माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली तेव्हा त्यांचं वय पंधरा-सोळाच होतं. मग आजच्या पोरांना लहान म्हणून तुम्ही मागे का ओढता?”

प्रश्न खोटा नाही. मी चार दिवस विचार केला. शके १२१२ मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी झाली, तेव्हा माउली वयाने कोवळेच होते. पण ते एकटे नव्हते. थोरले बंधू निवृत्तिनाथ गुरू म्हणून जवळ होते, समोर संतांची सभा होती, लिहून घ्यायला सच्चिदानंदबाबा होते. ऐकणारा प्रत्येक जण डोळ्यांसमोर होता आणि प्रेमाने ऐकत होता. बालपणी बोलू नये, असं आपला संप्रदाय कधीच म्हणाला नाही. पण कोणाच्या छायेत बोलायचं, हे मात्र त्याने नेहमी पाहिलं.

वारीत आपण लहान मुलं नेतोच की. आषाढी एकादशीला आमच्या शहरातून हजारो माणसं पायी वाळूजच्या पंढरपूरला जातात. मीही नातवाला नेतो. गर्दी म्हणून त्याला घरी कोंडत नाही. पण त्याचा हात सोडत नाही, खिशात नाव-पत्त्याची चिठ्ठी घालतो, दमला की खांद्यावर घेतो. पुढे विणेकरी असतो, सोबतचे टाळकरी ओळखीचे असतात. मोबाईलमधली गर्दी वारीपेक्षा कितीतरी मोठी, आणि तिथे आपण लेकराला एकटं सोडून देतो. वर म्हणतो, “शांत बसलाय, बसू दे.”

नामाला वयाची अट नाही, कारण नाम आपल्याकडून काही घेत नाही. हा मोबाईलचा बाजार मात्र घेतो. काय घेतो? चित्त घेतो. एक चित्रफीत संपली की न मागता दुसरी येते. ज्यावर बोट जरा थांबलं, तसंच पुन्हा दाखवतात. बघणारा जितका वेळ अडकला, तितक्या जाहिराती खपतात. चांगलं की वाईट, हा हिशेब तिथे नाहीच. आपल्याकडे देवगिरीची गोष्ट सांगतात. नाथबाबा लहानपणीच पैठणहून जनार्दनस्वामींकडे आले. हिशेबात एका पैची चूक लागेना म्हणून रात्रभर दिव्यापाशी बसले आणि सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. स्वामी मागे उभे राहून पाहत होते. एवढी एकाग्रता देवाकडे लागली तर, असं ते म्हणाले. त्या बालवयातल्या चित्तातूनच पुढे एकनाथी भागवत आलं. आमच्या पोरांचं चित्त दर अर्ध्या मिनिटाला दुसरीकडे ओढलं जातं. त्याला पैची चूक कधी सापडायची?

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा याच मोबाईलने मुलांना शिकवलं. ज्यांचे पाय थकले त्यांना वारीचं दर्शन घरबसल्या होतं. शेजारच्या गल्लीतला एक मुलगा चित्रफिती पाहून पखवाजाचे बोल शिकला आणि आता खरा गुरू शोधून रीतसर शिकतो आहे. म्हणून यंत्राला शिव्या देण्यात अर्थ नाही. पण २०२४ च्या ‘असर’ अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांविषयी एक गोष्ट आली. आठवड्याभरात अभ्यासासाठी स्मार्टफोन वापरणारी मुलं सुमारे ५७ टक्के, आणि समाजमाध्यमांसाठी वापरणारी सुमारे ७६ टक्के. आपण अभ्यासाच्या नावाने देतो, जातं दुसरीकडेच.

ऑस्ट्रेलियाने तर कायदाच केला. १० डिसेंबर २०२५ पासून तिथे १६ वर्षांखालील मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खातं ठेवता येत नाही. दंड मुलांना नाही, आईबापांना नाही. तो कंपन्यांना आहे, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. आपल्याकडेही २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती घेण्याआधी पालकांची संमती हवी, असं म्हटलं आहे. आणि फेसबुक, इन्स्टाग्राम यांची स्वतःचीच अट १३ वर्षांची आहे. पण जन्मसाल खोटं टाकून खातं उघडून देणारे कोण असतात? पुष्कळदा आपणच. आणि माझ्यासारखे आजोबा तर मुलाचं खातं नसतानाही त्याला चव्हाट्यावर नेऊन बसवतात. कोणता कायदा मला अडवणार होता?

म्हणून मला सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावची वाट जास्त आवडते. तिथे २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद. मुलं अभ्यासाला बसायची. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी गावाने १८ वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. दोन्ही गावांची तळमळ खरी. पण बंदी मुलांपुरती असते आणि भोंगा सगळ्या घरासाठी असतो. भोंगा वाजला की बापाचाही मोबाईल खाली. हे आपल्याला नवीन नाही. माळ घातलेला बाप स्वतः एकादशी न धरता पोराला धरायला लावू शकत नाही. नेम आधी थोरांचा असतो, लहानांना तो आपोआप लागतो.

आता कोणी विचारलं, लहान मुलांना समाजमाध्यमं द्यावीत का, तर मी स्पष्ट सांगतो: नाहीत. तेरा वर्षांच्या आत मुळीच नाहीत आणि त्यानंतरही एकट्याने नाहीत. पण नुसतं ‘नाही’ म्हणून हात झटकता येत नाहीत. काढून घेतलेल्या वेळेत आपण काय देणार? रोजचा हरिपाठ, एखादी गोष्ट, मैदान, आपली सोबत, यातलं काहीच देणार नसू, तर ते पोर मोबाईलकडेच जाईल.

मी ती चित्रफीत काढून टाकली. माझ्या हातून गेलेली गेली. लोकांनी उतरवून घेतलेली माझ्या हातात नाही. नातवासमोर हात जोडून म्हणालो, “बाळा, तुला न विचारता टाकलं, माझं चुकलं.” तो काहीच बोलला नाही. आमच्या घरी आता सात वाजता सगळे मोबाईल देवघराशेजारच्या कोनाड्यात जातात, आणि माझा सगळ्यांत आधी. शेजारच्या कापडवाल्या चाचांना हे सांगितलं, तर ते हसून म्हणाले, “आमच्याकडे मगरीबच्या नमाजनंतर असंच सुरू केलंय. पोरं ऐकतात, त्यांचा बापच ऐकत नाही.” दोघंही हसलो. शहागंजात दुःखंही शेजारधर्माने वाटून घेतली जातात.

सगळं सुरळीत झालं, असं मी म्हणत नाही. रविवारी तो अजून मोबाईल मागतो आणि कधी कधी मीही चोरून आकडे बघावेत, असं मनात येतं. पण परवाच्या एकादशीला भजन रंगात आलं आणि मागच्या रांगेतून एक बारीक आवाज ऐकू आला. ‘र’ अजून तसाच. मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तो थांबला असता. भजन संपल्यावर जवळ येऊन हळूच म्हणाला, “आबा, ऐकलं का कोणी?”

मी म्हटलं, “मी ऐकलं, आजीने ऐकलं. आणि ज्याच्यासाठी म्हटलंस, त्याने सगळ्यांत आधी ऐकलं.”

माउली, आपल्या घरातल्या लेकरांची ताटी कधी ना कधी लागेल. ती लागली तेव्हा दाराशी कोणीतरी बसलेलं असावं, एवढंच पांडुरंगाकडे मागणं.

रामकृष्ण हरी.