तिजोरीला दोन किल्ल्या, सर्व्हरला एकही नाही

दिवाळीत बहिणीचा मुलगा आला होता. पुण्यात सर्व्हर सांभाळायचं काम करतो. आमच्या गावातल्या एका पतसंस्थेचा सर्व्हर सारखा बंद पडत होता (नाव लिहीत नाही, विचारूही नका). मॅनेजरसाहेब म्हणाले, भाच्याला जरा दाखवा की. रविवार होता, काउंटर बंद. मीही गेलो. थोडा पत्रकार म्हणून, जास्त ठेवीदार म्हणून. आईची ठेव तिथंच आहे.

सर्व्हर जिन्याखालच्या खोलीत. जुन्या खतावण्यांचे गठ्ठे, मोडकी खुर्ची आणि मधे तो घोंघावणारा डबा. खोलीची किल्ली बाहेरच्या खिळ्याला टांगलेली.

दुखणं पाच मिनिटांत सापडलं. पंख्यात धूळ साचून मशीन तापत होतं. पण परत चालू करताना पोरानं एफ-टू दाबलं आणि म्हणाला, "मामा, हे बघ."

निळसर पडद्यावर सेटिंग्जची यादी. विंडोज जागं व्हायच्या आधी मशीनमधली एका चिपवरची प्रणाली जागी होते, तिला फर्मवेअर म्हणतात. कुठून सुरू व्हायचं, कुणाला आत घ्यायचं, हे ती ठरवते. तिथं पासवर्डच नव्हता. सुरू व्हायच्या क्रमात पहिला नंबर पेनड्राइव्हचा. म्हणजे खिळ्यावरची किल्ली घ्यायची, पेनड्राइव्ह लावायचा आणि मशीन आपल्या खिशातल्या प्रणालीवर चालू करायचं. विंडोजचा पासवर्ड कितीही अवघड असू दे, तो विचारलाच जात नाही. डिस्कवरचा डेटा सांकेतिक केलेला नव्हता. सगळ्या खातेदारांची नावं, आधार, शिल्लक, सगळं उचलून नेता आलं असतं.

मी साहेबांकडे बघितलं. साहेब पंख्याकडे बघत होते.

खरा घाम पुढं फुटला. सर्व्हरच्या मागं नेटवर्कची एक वेगळी खाच असते, लांबून मशीन सांभाळण्यासाठी. सर्व्हर बंद असला तरी, वीज आहे तोवर, ती जागी असते. तिथून मशीन चालू-बंद करता येतं, पडदा बघता येतो, लांबूनच दुसरी प्रणालीही घालता येते. तिचा पासवर्ड कंपनीनं दिलेला, तोच. आणि वायर गेलेली कुठं? काउंटरच्या कॉम्प्युटरांच्याच स्विचमध्ये. त्याच जाळ्यावर वायफाय, ज्याचा पासवर्ड पाण्याच्या फिल्टरवर चिकटवलेला. खोलीची किल्लीसुद्धा नको, बाकावर बसल्या बसल्या काम झालं असतं.

पोरानं आधी ती वायर काढली, पासवर्ड बदलला. मग फर्मवेअरला पासवर्ड घातला, पेनड्राइव्हवरून सुरू होणं बंद केलं. मग सिक्युअर बूट चालू करायला गेला. मान्यताप्राप्त सही असलेलीच प्रणाली सुरू होऊ द्यायची, असं त्याचं काम. आणि मशीन उठेचना! साहेबांचा चेहरा पांढरा. कारण असं की बसवणाऱ्यानं विंडोज जुन्या पद्धतीनं बसवलं होतं, ते नव्या पद्धतीत ओळखलंच जात नाही. सेटिंग परत मागं घेतली, मशीन उठलं. म्हणून सांगतो, हे वाचून कुणी उत्साहानं आपल्या ऑफिसात बटणं दाबू नका. आधी बॅकअप, मग सुट्टीचा दिवस, आणि माहितीचा माणूस शेजारी.

"सिक्युअर बूट लावलं की झालं, असंही नसतं मामा," तो म्हणाला. २०२४ च्या जुलैमध्ये बायनार्ली या कंपनीनं दाखवून दिलं, की शेकडो मॉडेल्समध्ये सिक्युअर बूटची मुख्य चावी चाचणीपुरती बनवलेलीच राहून गेली होती. चावीच्या नावातच लिहिलेलं, 'डू नॉट ट्रस्ट', म्हणजे विश्वास ठेवू नका. ती तशीच विकली गेली. आपल्याकडे सातबारा न बघता जमीन घेतात, त्यातलाच प्रकार. त्यावर मुख्य उपाय, कंपनी देते ते फर्मवेअरचे अपडेट वेळेवर घालणं. इथं मशीन बसवल्यापासून एकही घातलेला नव्हता.

साहेबांचा प्रश्न मात्र रास्त होता. "पासवर्ड विसरलो तर?" पोरगं म्हणालं, तुमच्या तिजोरीचं काय करता? तिजोरीला दोन किल्ल्या, एक साहेबांकडे, एक कॅशियरकडे. तसंच केलं. पासवर्ड कागदावर, पाकिटात, तोंडावर दोघांच्या सह्या, पाकीट तिजोरीत. खिळ्यावरची किल्लीही आत गेली, कारण डबा उघडून आतली एक छोटी पिन हलवली की बऱ्याच मशीनचा हा पासवर्ड पुसला जातो.

बातमी मी लावली नाही. एक तर भोक उघडं असताना त्याचा पत्ता छापणं बरोबर नाही. दुसरं कारण खरं सांगतो, आमच्या दिवाळी अंकात त्यांची अर्ध्या पानाची जाहिरात होती. आता काम बरंचसं झालंय म्हणून इथं लिहितोय. बँकेतल्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं कवच असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. तेव्हा वार्षिक सभेत लाभांशाबरोबर हेही विचारा: सर्व्हरच्या खोलीची किल्ली कुठं असते, फर्मवेअरचा पासवर्ड कुणाकडे आहे, डिस्क सांकेतिक आहे का.

विंडोज नव्यानं बसवायचं काम अजून बाकी आहे. बसवणारा म्हणतो, पुढच्या महिन्यात येतो. दिवाळीतही तो हेच म्हणाला होता.