व्हिटबीची सुसर

गेल्या उन्हाळ्यात आप्पा सांगलीहून आमच्याकडे लीड्सला आले होते. आई गेल्यानंतरची ही त्यांची पहिलीच खेप. 'आता कायमचे इथेच राहा' असा माझा धोशा चालू होता. व्हिसाचे अवघड होते, पण मी वकीलही गाठला होता. आप्पा नुसते "बघू" म्हणायचे.

एका शनिवारी त्यांना समुद्र दाखवायला व्हिटबीला नेले. पाऊस आला म्हणून म्युझियममध्ये शिरलो. तिथे दगडात रुतलेला एक लांबलचक सांगाडा पाहून आप्पा थबकले. "अरे, ही तर आपली सुसर!"

सगळा जन्म कृष्णाकाठी गेलेला. थंडीत काठावर ऊन खात पडलेल्या मगरी त्यांनी लहानपणापासून पाहिलेल्या. पण माझ्या दहा वर्षांच्या मुलाने लगेच दुरुस्ती केली, "आजोबा, ही खरी मगर नाही, मगरीची लांबची नातेवाईक. समुद्रात राहायची."

हा सांगाडा १८२४ साली व्हिटबीजवळच सापडला. प्राणी सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचा, नाव मॅक्रोस्पॉन्डिलस. मासे पकडायला लांब निमुळता जबडा, अंगावर हाडांच्या ढालींचे चिलखत आणि चार पाय. म्हणजे समुद्रात पोहणारी, पण काठ न सुटलेली. तिच्या भाऊबंदांपैकी काहींनी पुढे जमीन जवळजवळ सोडलीच. त्यांचे चिलखत गेले, पायांची वल्ही झाली, शेपटीला माशासारखा पर आला. जादा मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथीही मोठ्या झाल्या. श्वास मात्र शेवटपर्यंत हवेतलाच.

आप्पांनी नातवाला विचारले, "एवढं सगळं बदलायला किती वर्षं लागली रे?"

"लाखो वर्षं, आजोबा."

आप्पा माझ्याकडे बघून हसले. "आणि तू मला सहा महिन्यांत करायला सांगतोस होय!"

सगळे हसलो. परतीच्या वाटेवर मी मात्र गप्प होतो. मला इथे येऊन बावीस वर्षे झाली. माझ्या पायांची वल्ही कधी झाली, ते मलाही कळले नव्हते. त्या रात्री वकिलाला 'आता राहू द्या' असे कळवून टाकले.

ऑक्टोबरात आप्पा सांगलीला परतले. आता दर रविवारी फोनवर नातवाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आजोबा, आज सुसर दिसली का?"