बाळ घरी, आई दीक्षाभूमीवर

अशोक विजयादशमीला नागपूरला जायचे, हे आमच्या महिला मंडळाने गेल्या वर्षी वर्षावासातच ठरवले होते. कल्याणहून आम्ही अकरा जणी निघालो. कोणी धुणीभांडी करणाऱ्या, कोणी सफाई खात्यातल्या, दोघी पोळी-भाजी केंद्रात काम करणाऱ्या. सर्वांत धाकटी होती ती मंडळाच्या सेक्रेटरीबाईंची सून. तिचा मुलगा सात महिन्यांचा. तिने दीक्षाभूमी कधी पाहिली नव्हती. इतक्या गर्दीत, ऑक्टोबरच्या उन्हात तान्ह्या बाळाला कसे न्यायचे? तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "मी पुष्कळ वेळा जाऊन आले. या खेपेला तू जा. नातवाजवळ मी राहते."

चाळीत लगेच कुजबुज सुरू झाली. तीन रात्री बाळ अंगावर नाही म्हणजे दूध आटणार, असे एक म्हणाली. दूध काढून मोरीत टाकले तर दोष लागतो, असे दुसरी म्हणाली. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही असली भीती अजून लपून बसलेली असते! आम्ही सरळ दवाखान्यातल्या नर्सबाईंना विचारायला गेलो.

त्यांनी समजावले ते असे. छातीतून जितके दूध निघते तितके नवे तयार होते. साठून राहिले तर शरीर समजते की आता गरज नाही, आणि दूध कमी होऊ लागते. म्हणून बाळ जवळ नसले तरी दिवसा दर तीन तासांनी आणि रात्री एकदा तरी दूध काढायचेच. पंप मिळतो, पण तो दर वेळी धुऊन उकळावा लागतो. गाडीत ते कसे जमणार? त्यापेक्षा हात बरा. आधी हात साबणाने धुवायचे, छाती हलक्या हाताने चोळायची. काळ्या भागाच्या कडेला वर अंगठा, खाली बोटे ठेवून आधी छातीकडे मागे दाबायचे, मग चिमटीत घ्यायचे. कातडीवर बोटे घासायची नाहीत. जागा बदलत दोन्ही बाजू मोकळ्या करायच्या.

घरच्या बाळासाठी तिने आधीचे बारा दिवस रोज थोडे थोडे दूध काढून झाकणाच्या स्वच्छ डब्यांत ठेवले. एका दाराच्या फ्रिजमधल्या बर्फाच्या कप्प्यात ते दोन आठवडे राहते. द्यायच्या वेळी डबा कोमट पाण्यात ठेवायचा, गॅसवर तापवायचे नाही, आणि वाटी-चमच्यानेच पाजायचे. बाळ नाचणीची पेज, मऊ खिचडी खाऊ लागले होते, ही आणखी सोय.

गाडी संध्याकाळची होती. डबा दीक्षाभूमीला निघालेल्या लोकांनीच भरलेला. इगतपुरी येईपर्यंत भीमगीते रंगली. पण आमची सूनबाई लाजली. समोर परके पुरुष, संडासात उभे राहायला जागा नाही. मनमाड गेले, भुसावळ गेले, ती गप्पच. पलीकडच्या बाकावर कोणाचे तरी तान्हे रडले आणि हिला पान्हा फुटला. पोलके भिजले, तरी ती पदर ओढून बसली. अकोल्याला आमच्यातल्या एकीने तिच्या कपाळाला हात लावला तर अंग तापलेले. छाती दगडासारखी, डोळ्यांत पाणी.

मग आम्ही लाज बाजूला ठेवली. वरच्या बाकाला दोन पांढरी लुगडी बांधली. पुरुष मंडळींना सांगितले, "दादा, लेकराच्या आईला जरा आडोसा पाहिजे." ते लगेच उठून दारापाशी गेले. ओल्या कोमट फडक्याने शेकून, हळूहळू चोळून तिने वाटीत दूध काढले. अर्धा तास लागला. बडनेरा येईस्तोवर तिचा चेहरा उतरलेला होता तो फुलला. ते दूध टाकूनच द्यावे लागले, कारण बर्फ नव्हता, आणि साध्या हवेत चार तासांपलीकडे ते ठेवू नये. थर्मासमध्ये गरम ठेवणे तर त्याहून वाईट, त्यात जंतू वाढतात. तिला वाईट वाटले. आम्ही म्हटले, "हे वाया नाही गेले, बाई. उद्याचे दूध यानेच राखले." त्यानंतर तिने एकही वेळ चुकवली नाही. ताप उतरला. उतरला नसता, किंवा छाती लाल झाली असती, तर डॉक्टर गाठावाच लागला असता. तेव्हाही दूध काढणे थांबवायचे नसते.

नागपूर स्टेशनवरून सीताबर्डीमार्गे आम्ही चालतच गेलो. पांढऱ्या वस्त्रांचा पूर वाहत होता. स्तूप दिसला तेव्हा सूनबाईने हात जोडले. याच जागेवर 14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी आपल्या लाखो माणसांना धम्म दिला. पुस्तकांचे स्टॉल, भोजनदान, आरोग्य शिबिरे, सगळे काही होते. दूध काढायला मात्र वेगळी जागा नव्हती. एका शिबिरातल्या नर्सताईने औषधांच्या खोक्यांमागे खुर्ची दिली. दोन दिवस तीच आमची खोली झाली.

तिथे बसल्या बसल्या आम्हांला एक गोष्ट आठवली. 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या सवलतीचे बिल आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर कामगार बाईला विसावा मिळणे देशाच्या हिताचे आहे, अशी त्यांची मांडणी होती. 1929 साली कायदा झाला. पुढे 1961 च्या कायद्याने बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा सुट्टीचा हक्क दिला. पण घरकाम करणारीला तो कोण देतो? आमच्यातल्या कितीतरी जणींचे दूध कामावर पोलक्यातच आटले.

परतीला खोक्यात बर्फ भरून घेतला. बर्फात दूध चोवीस तास टिकते. गाडीत काढलेले दोन डबे धडधाकट घरी पोहोचले. दारात आजीच्या कडेवर बाळ. आईकडे क्षणभर परक्यासारखे पाहिले आणि मग झेपावले. छातीला लागले ते अर्धा तास सुटेना. आजी हसून म्हणाली, "बघ, आटलं का?"

एस.टी.च्या अनेक स्थानकांवर आज हिरकणी कक्ष आहेत. तो उघडा आहे की कुलपात, हे बघणे आपले काम आहे. आणि आपल्या संघटनांना विनंती अशी की, दीक्षाभूमीवर आणि 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर शिबिर लावाल तेव्हा एक कोपरा, एक पडदा, एक खुर्ची आणि हात धुवायला पाणी एवढे लेकुरवाळ्या बायांसाठी राखा. खर्च फार नाही. घरात लेकरू आहे म्हणून एकही बाई बाबासाहेबांच्या भूमीपासून दूर राहू नये.

यंदा आमच्या सामानात दोन लुगडी जास्त असतील. जयभीम.